तेवीसातली एक

शिवकन्याबाईंचं अक्षर फार देखणं होतं, आणि त्या अक्षरामुळेच पुढचं सगळं झालं.

निलंग्याहून कर्नाटकच्या हद्दीकडं जाणाऱ्या रस्त्याला कासारबोरी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मी एक्याऐंशीच्या जूनमध्ये विज्ञान शिकवायला रुजू झालो. माझं घर नांदेड जिल्ह्यात, लोह्याला. म्हणजे मी परका आणि बाई गावच्याच. तरी मधल्या सुट्टीत डबा खायला शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच उरायचो. बाकीचे मास्तर घरी जेवायला जायचे, नाहीतर हॉटेलात चहाला बसायचे. बाई खिडकीजवळच्या खुर्चीवर वह्या तपासत जेवायच्या. एक घास, एक वही. पहिले दोन महिने त्या माझ्याशी फळा, खडू आणि वेळापत्रक यापलीकडं काही बोलल्या नाहीत.

वय पंचवीस-सव्वीसचं. लग्न झालेलं नव्हतं. वडील संगप्पा यांची गावात पिठाची गिरणी होती. ते वारले, मागोमाग आईही गेली. भावानं गिरणी मोडून उदगीरला दुकान टाकलं, घर विकलं. बाई डी.एड. करून दोन-तीन गावं फिरून पुन्हा याच शाळेत आल्या, तेव्हा गावात त्यांचं असं घर उरलं नव्हतं. शाळेचे जुने मुख्याध्यापक मल्लिकार्जुन गुरुजी यांच्या घरातली पुढची खोली त्यांनी घेतली होती. गुरुजी जाऊन चार वर्षं झालेली. आत त्यांच्या पत्नी पार्वतम्मा एकट्या राहायच्या. सारा गाव त्यांना अम्मा म्हणायचा. संध्याकाळी दोघी एका चुलीवर भाकरी करायच्या. बाईंचं जे काही बोलणं होतं ते तिथंच होत असावं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला आणि आमचा निलंगा तालुका उस्मानाबादेतून निघून लातुरात आला. गावात गुलाल उडाला, मिरवणूक निघाली. शाळेत मात्र नवा शिक्का यायला दिवाळी उजाडली. तोवर आम्ही जुन्या कागदांवरच्या 'उस्मानाबाद'वर पेनानं काट मारून वर 'लातूर' लिहायचो.

सप्टेंबरमध्ये नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातून कागद आला. प्रत्येक हायस्कुलानं मागच्या दहा वर्षांच्या मॅट्रिकच्या निकालाचा तक्ता पाठवावा. परीक्षेला किती बसले, किती पास, शेकडा प्रमाण, त्यात मुली किती, मागासवर्गीय किती, इतर किती. शेवटी शेऱ्याचा रकाना.

मुख्याध्यापक शरणप्पा सरांनी कागद बाईंपुढं ठेवला. "तुमच्या अक्षरात छान दिसंल. हे सर मदत करतील."

दोन दिवस आम्ही जुनी रजिस्टरं काढून बसलो. मी आकडे वाचायचो, बाई लिहायच्या. निकाल काही मिरवावेत असे नव्हते. बावीस टक्के, सव्वीस टक्के, एका साली एकतीस. मुली कधी तीन, कधी चार. मग त्र्याहत्तर सालचं पान निघालं.

"बसले तेवीस," मी वाचलं. "पास... एक? बाई, एकच पास! शेकडा चार पूर्णांक पस्तीस. मुली बसल्या दोन, पास एक." मला हसू आलं. "कोण म्हणायची ही बहाद्दर?"

बाईंनी आकडा लिहिला, टाक पुसला आणि म्हणाल्या, "मी."

त्या दुपारी त्या पहिल्यांदा सलग बोलल्या.

तेव्हा अकरावीला मॅट्रिक असायची. बहात्तरचा पाऊस गेला तेव्हा वर्गात तेवीस जण होते. बाईंना ते पटावरच्या क्रमानं पाठ होते. अकरा मराठ्यांची, चार लिंगायतांची, तीन बौद्धवाड्यातली, दोन मुसलमानांची, दोन तांड्यावरची आणि एक धनगराचा. पोरी दोनच, शिवकन्या आणि गुणा. पाचवीपासून दोघी एका बाकावर. गुणाचं गणित अख्ख्या वर्गात चांगलं होतं. गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं.

दिवाळीनंतर वर्ग रिकामा होत गेला. गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि पलीकडं रस्त्याला खडी फोडायचं. आधी तांड्यावरचे दोघं गेले, मग बौद्धवाड्यातले, मग ज्यांच्या घरी विहीर होती तेही. गुणाची आई, बाप, दोन भाऊ आणि गुणा, सगळं घर तलावावर. जानेवारीत वर्गात चौघं उरले. शिवकन्या, मुल्लांचा एक, पोलीसपाटलाचा एक आणि आणखी एक लिंगायताचा पोरगा. त्या चौघांसाठी गुरुजी रोज तास घ्यायचे. बाकी एकोणीस जणांची हजेरीही ते रोज मांडायचे.

"म्हणजे? हजर?" मी विचारलं.

"हजर. हजेरी भरली नसती तर परीक्षेचा फॉर्म अडला असता. गुरुजी नाव वाचायचे, कुणीच ओ द्यायचं नाही, आणि ते खूण करायचे. मी समोर बसलेली असायची."

संगप्पांच्या घरातून कुणाला कामावर जावं लागलं नाही. गिरणी दिवसभर चालायची. रेशनवर मिळणारी परदेशी लाल मिलो ज्वारी दळायला अख्खा गाव तिथंच यायचा. आतल्या खोलीत शिवकन्या अभ्यास करायची, भिंतीपलीकडं पट्टा फटफट वाजत असायचा. दळण घेऊन आलेली वर्गातली पोरं दारातून डोकावून बघायची आणि परत रांगेत उभी राहायची.

मार्चमध्ये निलंग्याला परीक्षा झाली. एकोणीसच्या एकोणीस आले. कामावरून चार दिवसांची सुट्टी काढून आले. उन्हानं काळे पडलेले, हाताला घट्टे. गुणाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

जूनमध्ये औरंगाबादहून निकाल आला. गुरुजींनी यादी वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मग गिरणीवर येऊन संगप्पांना हळूच सांगितलं, तेव्हा त्यांच्या मागं दळणाची रांग लागलेली होती. संगप्पांना गावात काहीतरी वाटायचं होतं, निदान गूळ. बायकोनं हात धरला. "कुणाच्या दारात जाऊन देणार हाव? बावीस घरात सुतक हाय." त्या दिवशी घरात शिवकन्येला कुणी 'शाब्बास'सुद्धा म्हटलं नाही, न जाणो बाहेर ऐकू जायचं.

गुरुजींनी वर अर्ज केला होता. दुष्काळानं पोरांचं वर्ष गेलं, यांचा काही विचार करावा. त्यावर एक साहेब शाळा तपासायला आले. दाखला घ्यायला गेलेली शिवकन्या व्हरांड्यात उभी होती. आतून साहेबांचा आवाज आला. "दुष्काळ कसला सांगता गुरुजी? हजेरीपटात वर्षभर सगळे हजर आहेत. शाळा तीच, मास्तर तेच, गाव तेच. एक मुलगी पास होते, मग बाकीच्यांना काय धाड भरली होती?"

गुरुजी काय बोलणार? हजेरी त्यांचीच.

"तेव्हा मला कळलं," बाई म्हणाल्या, "मी पण नापास झाले असते तर शून्य टक्के लागला असता. शून्याला कुणी कारण विचारत नाही, ते दिसतं. माझ्यामुळं दिसलं नाही."

पुढं ही गोष्ट गावभर झाली. एक पास झाली म्हणून बाकीच्यांचं कुणी ऐकलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. फक्त दळण टाकायला आलेल्या बाया, ती दिसली की बोलणं थांबवायच्या. गुणाचं त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. लग्नाला बाई गेल्या नाहीत. नांदेडला डी.एड.ला गेल्या, तिथं दोन वर्षं होस्टेलात काढली. "तिथं पण एकटीच," त्या म्हणाल्या. "पण तिथं कारण नव्हतं. तिथं बरं वाटायचं."

तक्ता तयार झाला. शरणप्पा सर म्हणाले, "शेरा कोरा ठेवा. नाहीतर 'दुष्काळ' लिहा, संपलं." बाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तक्ता माझ्या हातात आला तेव्हा त्र्याहत्तरच्या रांगेत शेऱ्याच्या बोटभर रकान्यात बारीक अक्षरात चार ओळी होत्या:

'तेवीसपैकी एकोणीस विद्यार्थी नोव्हेंबरपासून दुष्काळी कामावर. त्यांपैकी उत्तीर्ण शून्य. वर्गात उपस्थित चार, त्यांपैकी उत्तीर्ण एक. तिला कामावर जावे लागले नाही.'

शरणप्पा सरांनी घाईत सही केली. न वाचताच केली असावी.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तक्ते घेऊन लातूरला बोलावणं आलं. सर, बाई आणि मी गेलो. नवं ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं. उस्मानाबादहून आलेल्या फायलींची खोकी जिन्यापर्यंत रचलेली. तीन तास बाकावर बसल्यावर आत घेतलं. साहेब थकलेले, पण स्वभावानं बरे वाटले. ते सालांवरून बोट फिरवत खाली आले आणि थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आधार काय याला? हजेरीपट बघितला का? नापासांची हजेरी किती?"

शरणप्पा सरांनी हजेरीपट पुढं केला. तो आम्ही सोबत आणला होता. साहेबांनी दोन पानं उलटली. "सगळे हजर दिसतात की."

"हजेरी खोटी आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "मी त्या वर्गात होते. बाकं रिकामी होती."

शरणप्पा सर एकदम लाल झाले. "साहेब, ते गुरुजी आता हयात नाहीत..."

"असू द्या," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, हे दहा वर्षांपूर्वीचं, जुन्या जिल्ह्यातलं. मी कुणाची चौकशी लावणार नाही. पण असं लिहिता येत नाही. तक्त्यात आकडा असतो, हकीकत नसते." त्यांनी त्या चार ओळींवर एक सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं: दुष्काळ. मग पुढचं साल.

परतीच्या एसटीत शरणप्पा सर पुढच्या सीटवर बसले. औसा गेल्यावर मागं वळून एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाला लबाड ठरवून काय मिळवलं बाई?"

ते गावात पोचायला वेळ लागला नाही. मल्लिकार्जुन गुरुजींनी तीस वर्षांत अर्धा गाव शिकवलेला. त्यांच्या घरात राहून, त्यांच्या चुलीवर जेवून ही बाई लातूरला जाऊन साहेबापुढं त्यांना खोटारडं म्हणून आली, असं बोललं जाऊ लागलं. रेघ ओढलेल्या चार ओळींचं कुणी काही बोललं नाही. त्या कुणाला ठाऊकच नव्हत्या.

अम्मांनी त्यांना जाब विचारला तेव्हा मी तिथं होतो. बाईंना बरं नव्हतं म्हणून शाळेच्या वह्या पोचवायला गेलो होतो. अम्मा मधल्या दारात उभ्या. कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात तांब्या.

"खरं हाय का गं? तू त्यांना खोटं म्हणालीस?"

"अम्मा, हजेरी खोटी होती म्हणाले. गुरुजी खोटे नव्हते. पोरांसाठीच त्यांनी..."

"त्यांनी पोरांसाठी केलं. तू कुणासाठी केलीस?"

अम्मांनी दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून त्या बाईंशी बोलल्या नाहीत. खोली सोड असंही म्हणाल्या नाहीत.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी बाईंनी मला विचारलं, "सर, गुणाला तुमच्या लोह्यातच दिली होती. गुणाबाई म्हणून कुणी आहे का? माहेर कासारबोरी." मी घरी पत्र टाकलं. आमच्या मागच्याच गल्लीत निघाली. म्हणून सुट्टीत बाई लोह्याला आल्या. एका दिवसासाठी. सकाळी स्टँडवर उतरल्या तेव्हा इस्त्रीची पांढरी साडी आणि हातात बर्फीचा लहानसा पुडा. माझ्या आईनं चहा केला तोही त्यांनी अर्धाच घेतला.

गुणाबाईचं घर गोठ्याला लागून होतं. दारात चार पोरं, सासू, दोन म्हशी. गुणाबाई शेणाचे हात घेऊनच बाहेर आली आणि ओरडली, "अगं बया बया! शिवे! तूच हायस नव्हं?" तिनं कोपरांनीच बाईंना मिठी मारली. मग सगळं घर बोलू लागलं. सासूनं जात विचारली, गाव विचारलं, मालक काय करतात विचारलं. बाई म्हणाल्या, लग्न नाही केलं. सासूनं गुणाकडं बघितलं आणि विषय बदलला.

जेवणं झाली. पोरं पांगली. तेव्हा बाईंनी सांगायला घेतलं. तक्ता, शेरा, लातूरचे साहेब. गुणाबाई शेंगा फोडत ऐकत होती.

"अन् एक राहिलंय, गुणा," बाई म्हणाल्या. हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. "परीक्षेआधी, कामाच्या सुट्टीच्या दिवशी तू माझ्याकडं आली होतीस. भूमितीची वही मागायला. सगळी प्रमेयं होती त्यात. मी म्हणाले, मला लागतीय. मला लागत नव्हती. मला पाठ होती. तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून मी दिली नाही."

गुणाबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं. कपाळाला आठ्या घालून आठवू लागली.

"कंची वही?"

"भूमितीची. निळ्या पुठ्ठ्याची."

"मी आल्ते?" ती विचार करत म्हणाली. "आसंल बया. मला त्या सालातलं निस्तं ऊनच आठवतंय. पर वहीचं काय न्हाई गं. गणितात मी कुठं नापास झाले? गणितात साठ हुते मला! इंग्रजीत गेले. इंग्रजी मला कवा आलं? आपल्या मास्तरालाच येत न्हवतं." आणि ती मनापासून हसली. सासूही हसली.

बाई हसल्या नाहीत. गुणाबाईनं ते बघितलं आणि जवळ सरकून हळू म्हणाली, "पर शिवे, गुरुजीचं नाव कशाला घेतलीस तिथं? देवमाणूस हुता. त्यानं हजेरी मांडली म्हून तर आमी निलंग्याला जाऊन पेपरला बसलो. चार दिवस पंख्याखाली बसलो. माझ्या जल्मात तेवढंच."

मग तिनं शेंगांची पुरचुंडी बांधली, हळदकुंकू लावलं. पोटच्या पोरीची वही आणून दाखवली, "बघ गं, हिला भागाकार येईना." बाई अर्धा तास त्या पोरीजवळ बसल्या. भागाकार आला. निघताना गुणाबाई म्हणाली, "पुढच्या दिवाळीला ये, हाव का? दोन दिस ऱ्हा." धारेची वेळ झाली होती, ती गोठ्याकडं गेली.

स्टँडवर मी बाईंना निलंग्याच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "तिला वही आठवत नाही, सर."

"बरंच झालं की."

"हं," त्या म्हणाल्या. मग पुरचुंडीची गाठ आवळत म्हणाल्या, "साठ. मला गणितात त्रेपन्न होते."

पुढच्या दिवाळीला त्या लोह्याला आल्या नाहीत, त्यापुढच्याही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, अम्मांना बरं नसतं. खरंच नसायचं. अम्मांना दम्यानं उठवत नव्हतं. बाई दोघींची भाकरी करून अम्मांचं ताट मधल्या दाराशी ठेवायच्या. अम्मा ते आत ओढून घ्यायच्या, जेवायच्या आणि ताट परत ठेवायच्या. शेवटच्या महिन्यात बाईच त्यांना आंघोळ घालायच्या, औषध द्यायच्या. तेव्हाही अम्मा बोलल्या नाहीत. हाक मारायची असली की तांब्या जमिनीवर वाजवायच्या. पंच्याऐंशीच्या थंडीत त्या गेल्या. उदगीरहून त्यांचा पुतण्या आला, त्यानं घर बाईंनाच राहायला ठेवलं. मागच्या खोल्यांना मात्र बाईंनी कुलूप घातलं आणि पुढच्याच खोलीत राहिल्या.

त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल चव्वेचाळीस टक्के लागला. नऊ मुली बसल्या, सहा पास झाल्या. शरणप्पा सरांनी सत्कार ठेवला, हार आणले. बाईंनी सहाही जणींची प्रमाणपत्रं स्वतःच्या हातानं लिहिली आणि कार्यक्रमाच्या वेळी पाचवीच्या वर्गावर तास घेत राहिल्या.

शहाऐंशीत माझी बदली नांदेड जिल्ह्यात झाली. निघायच्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. ऊन होतं, छत्री होती, ती त्यांनी माझ्या डोक्यावर धरली. मी म्हणालो, बाई, तुम्हीही अर्ज करा, निलंग्याला जा, लातूरला जा, इथं काय आहे?

"इथं मला सगळे ओळखतात," त्या म्हणाल्या. ते चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, मला कळलं नाही.

गाडी आली. कंडक्टरनं माझी ट्रंक वर चढवली. मी खिडकीतून हात हलवला. त्या थोडा वेळ थांबल्या, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि शाळेकडं चालू लागल्या. सुट्टी संपायला पाच मिनिटं होती.